शिक्र्याची पिल्लं घरटं सोडतात तेव्हा: पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी सलग अकरा दिवस एका झाडासमोर मान वर करून उभी होते. बाराव्या सकाळी ट्रायपॉडचा स्क्रू सैल झाला म्हणून खाली वाकले. दोन मिनिटांनी वर पाहिलं, तर घरट्यात तीनाऐवजी दोनच पिल्लं. तिसरं चार फूट वर, बाजूच्या फांदीवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होतं. अकरा दिवसांची तपश्चर्या एका स्क्रूपायी वाया गेली, असं वाटून मी चक्क रडवेली झाले होते.

संध्याकाळी तेच पिल्लू टुणटुणत घरट्यात परतलं आणि भावंडाच्या तोंडचा घास ओढायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पाचव्या दिवशी ते कुठल्या क्षणी ‘उडालं’ म्हणायचं हेच मला सांगता येईना. तेव्हापासून नव्याने पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की एका झेपेची वाट बघत बसू नका. दोनतीन आठवडे हाताशी ठेवा.

मी प्रामुख्याने शिक्रा, म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी, पाहते, त्यामुळे उदाहरणं बहुतेक त्याचीच आहेत. पण शहरात घरटं करणाऱ्या त्याच्या भाऊबंदांना, म्हणजे कूपर्स हॉक, स्पॅरोहॉक, रेड-टेल्ड हॉक यांनाही हे सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं. बहिरी ससाण्याला मात्र लावू नका. ससाणे वेगळ्या कुळातले. ते काड्यांचं घरटं बांधत नाहीत, कड्यावर किंवा इमारतीच्या कंगोऱ्यावर थेट अंडी घालतात, त्यामुळे त्यांच्या पिल्लांचं बाहेर पडणंही वेगळं असतं.

१. घरटं कोणाचं आहे, याची खात्री करा

हसू नका, मी दुसऱ्या वर्षी आठवडाभर कावळ्याच्या घरट्यावर पहारा दिला आहे. शिक्र्याचं घरटं कावळ्यासारखंच दिसतं, काड्यांचा ओबडधोबड माच आणि आत गवताचं अस्तर. नुसत्या घरट्यावरून ठरवायला जाल तर फसाल.

खात्रीच्या खुणा झाडाखाली सापडतात. शिकारी पक्ष्यांची पिल्लं थोडी मोठी झाली की कडेला पाठ करून घरट्याबाहेर जोरात शिटतात. त्यामुळे खालच्या पानांवर आणि जमिनीवर चुन्याचे फटकारे मारल्यासारखे पांढरे पट्टे दिसतात. पिल्लं वाढतात तसा त्या पट्ट्यांचा घेर वाढतो. शेजारीच लहान पक्ष्यांची उपटलेली पिसं, एखादी सरड्याची शेपटी पडलेली असते. शिवाय आवाज. शिक्र्याची दोन सुरांची तीक्ष्ण साद एकदा कानात बसली की विसरत नाही. तरी सावध राहा, कोतवाल तिची हुबेहूब नक्कल करतो. आवाज ऐकला म्हणजे शिक्रा पाहिला असं वहीत लिहू नका.

मोठा पक्षी कबुतराएवढा, वर राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा. नराचे डोळे लाल, मादीचे पिवळसर-नारिंगी, आणि मादी नरापेक्षा मोठी. पिल्लाच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी ठिपक्यांच्या उभ्या ओळी असतात. हा फरक आत्ताच पाठ करा. पुढे सगळी पिल्लं झाडभर पांगली की मोठं कोण आणि लहान कोण, हे त्यावरूनच कळणार आहे.

२. उभं राहायची जागा

घरट्याच्या थेट खाली उभं राहू नका. खालून फक्त काड्यांचा तळ दिसतो, मान अवघडते आणि आईला तुम्ही चोर वाटता. पन्नास मीटर तरी लांब, शक्यतो उंचावरची जागा शोधा. जिन्याची खिडकी, गच्ची, समोरचा चढ, काहीही चालेल. घरट्याच्या पातळीवर किंवा किंचित वर असाल तर पिल्लांची पाठसुद्धा दिसते.

न्यूयॉर्कमध्ये ‘पेल मेल’ नावाने प्रसिद्ध झालेल्या रेड-टेल्ड हॉकने १९९०च्या दशकात फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका उंच इमारतीच्या दर्शनी भागावर घरटं केलं होतं. लोक ते पाहायला इमारतीखाली गर्दी करत नसत. रस्त्यापलीकडे सेंट्रल पार्कमधल्या छोट्या तळ्याच्या काठी बसून दुर्बिणी लावत. पक्ष्याला त्रास नाही आणि सगळं नजरेच्या टप्प्यात. अशी जागा शोधायला एक अख्खी सकाळ गेली तरी चालेल. (डिसेंबर २००४मध्ये ते घरटं काढून टाकलं गेलं, तेव्हा याच मंडळींनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच घरट्यासाठी पुन्हा आधार बसवावा लागला. बघणाऱ्यांचा असाही उपयोग होतो.)

तुमची जागा योग्य आहे का, हे आईच सांगते. तुम्ही आल्यावर ती सतत ओरडत असेल, घरट्यावर यायचं टाळत असेल किंवा डोक्यावरून सूर मारत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. सूर मारते तेव्हा ती खेळत नसते, नखं टाळूला लागू शकतात. टोपी घाला.

३. सोबत काय लागेल

- ८×४२ची दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं). नवखे लोक मोठा आकडा बघून १२× घेतात आणि हात थरथरतो म्हणून वैतागतात. ८× स्थिर राहते, दृश्य रुंद दिसतं आणि पहाटेच्या अंधूक उजेडातही चालते.
- जमलं तर ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण. नसला तरी काही अडत नाही.
- वही आणि पेन्सिल. फोनमध्ये नोंदी करायला गेलात की मान खाली जाते, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी घडतं. (स्क्रूलाही हाच नियम. तो घरूनच घट्ट करून या.)
- टोपी, पाणी, बसायला घडीचं स्टूल.
- जाड टॉवेल आणि भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. हे का, ते सातव्या पायरीत.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. जागा खासगी आवारात किंवा गच्चीवर असेल तर लेखी परवानगी आणि सोबत ओळखपत्र. पहाटे साडेपाचला दुर्बीण घेऊन लोकांच्या खिडक्यांच्या दिशेने उभं राहिलेल्या माणसाला काय काय उत्तरं द्यावी लागतात, ते मी एकदा अनुभवलं आहे. आणि दुसरं, जवळच्या अधिकृत वन्यप्राणी बचाव केंद्राचा किंवा वनखात्याचा नंबर, कागदावर लिहून खोक्याला चिकटवलेला.

काय आणायचं नाही: ड्रोन, फ्लॅश आणि पक्ष्याचा आवाज वाजवणारा स्पीकर.

डोळे आधीच तयार करायचे असतील तर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने रेड-टेल्ड हॉकच्या घरट्यावर २०१२पासून लावलेला कॅमेरा पाहा. तिथे लव, पिसं, पंखांची कसरत सगळं जवळून दिसतं. मग झाडावरचं लांबचं दृश्य समजायला सोपं जातं.

४. दिवस मोजा

तारीख काढता आली की निम्मं काम झालं. अंडी कधी घातली हे बहुधा आपल्याला माहीत नसतं, पण ती फुटली कधी हे लांबूनही कळतं. इतके दिवस नुसती बसून असलेली मादी अचानक मांसाचे बारीक तुकडे तोडायला लागते आणि मान घरट्यात खाली घालते. तो दिवस पहिला धरा.

शिक्रा १८ ते २१ दिवस अंडी उबवतो आणि पिल्लं त्यानंतर साधारण महिनाभर घरट्यात असतात. कूपर्स हॉकची पिल्लं २७ ते ३४ दिवसांत बाहेर पडतात. आकाराने मोठ्या रेड-टेल्ड हॉकला ४२ ते ४६ दिवस लागतात. तुमच्या गणिताच्या आठवडाभर आधीपासून रोज जायला लागा.

उशिरा पोचलात तर अंगाकडे पाहा. आधी सगळं अंग पांढऱ्या लवेने भरलेलं असतं. मग पंखांच्या कडेला नळीतली काळसर पिसं फुटतात, पाठ आणि छाती भरते. डोकं सगळ्यात शेवटी. डोक्यावर अजून कापूस चिकटल्यासारखा दिसत असेल तर सवड आहे. डोकं साफ झालं आणि शेपटी तेवढी आखूड उरली असेल तर आता घरी जाऊ नका.

पिल्लं किती आहेत, हे एका दिवसात ठरवू नका. लहानगं एखादं मागे दडून बसतं. सलग तीन दिवस, घास भरवायच्या वेळी मोजा, त्या वेळी सगळ्यांच्या माना वर येतात. मी एकदा तीन धरून चालले होते आणि निघाली चार. त्यामुळे एक पिल्लू उडून गेलं त्या दिवशीही माझ्या वहीत ‘तिन्ही घरट्यात’ अशी सुरेख नोंद आहे.

५. फांदीवरचे दिवस

माझ्या मते पाहण्यासारखं खरं इथे आहे, आणि गर्दी नेमकी इथेच कंटाळून निघून जाते.

सुरुवात पंख झाडण्यापासून होते. एक पिल्लू कडेला येतं, काड्या घट्ट धरतं आणि वेड लागल्यासारखे पंख मारतं. बाकीची खाली दबून बसतात, कारण प्रत्येक झपाट्याला कोणाच्या तरी तोंडावर थप्पड बसते. काही दिवसांनी पंख मारताना पाय वीतभर वर उचलले जातात. वारं असेल तर पिल्लू दोनेक सेकंद तरंगतं आणि धपकन खाली येतं. पहिल्यांदा असं तरंगल्यावर ते स्वतःच इतकं दचकतं, की पुढचा अर्धा तास पंख मिटून गप्प.

मग फांदी. चोच, नखं आणि पंख यांच्या जोरावर ते बाजूच्या फांदीवर सरकतं. जाताना बहुधा वर जातं. चढणं सोपं, उतरणं अवघड. वर बसलेल्या पिल्लाला परत घरट्यात यायचं असतं आणि पाय कुठे टाकावा ते कळत नसतं, तेव्हाची त्याची मान डोलवण्याची तऱ्हा बघाच. डोकं वरखाली, डावी-उजवीकडे. ते अंतराचा अंदाज घेत असतं.

पहिली बाहेर पडणारी पिल्लं बहुधा नर असतात. नर आकाराने लहान, त्यामुळे त्यांची वाढ लवकर पुरी होते. कूपर्स हॉकमध्ये नर सुमारे तिसाव्या दिवशी निघतात, तर माद्या तीनचार दिवस मागून. धिप्पाड पिल्लू अजून घरट्यात का बसलंय म्हणून काळजी करू नका, ती बहुधा मादी आहे आणि तिला घाई नाही.

या दिवसांत आई घरट्यात बसत नाही. शेजारच्या झाडावरून लक्ष ठेवते, भक्ष्य आणून टाकते आणि निघून जाते. पिल्लू त्यावर पंख पसरून तंबू करतं आणि भावंडांना पाठ दाखवतं. हे दिसायला लागलं म्हणजे त्याला स्वतः फाडून खाता येतं. ‘आईने सोडून दिलं’ असं म्हणत याच सुमाराला दरवर्षी कोणीतरी माझ्याकडे येतं. तुम्ही मनात असं म्हणालात तर दोन तास थांबा. आई येते.

६. झाड सोडण्याचा दिवस

हा दिवस ओळखायचा हमखास उपाय नाही. मी वाऱ्याच्या सकाळी चुकवत नाही, एवढंच. पहाट ते दहा ही वेळ धरा, मग तिसऱ्या प्रहरानंतर पुन्हा.

आई पिल्लाला ढकलून देते ही गोष्ट विसरा. पहिली झेप बऱ्याचदा साधा अपघात असतो. दोघांच्या मारामारीत एकाचा पाय निसटतो, किंवा वाऱ्याचा झोत आला तेव्हा नेमके पंख उघडे असतात. एकदा हवेत गेलं की पंख आपसूक काम करतात. पंचाईत होते ती उतरताना. पिल्लाला वेग कमी करता येत नाही, फांदी पकडायची म्हणून ते पानांच्या झुबक्यात घुसतं, उलटं लटकतं, पुन्हा धडपडत सरळ होतं. त्यामुळे नजर घरट्यावर खिळवून ठेवू नका. ते कुठे उतरलं ते पाहा आणि ती खूण लगेच लिहा: ‘गेटच्या डावीकडचं दुसरं झाड, मधली फांदी.’ दहा मिनिटांनी तुम्हाला ती फांदी आठवणार नाही.

घरटं इमारतीवर असेल तर पाचवी पायरी जवळपास गळते. शेजारी फांदी नाही, सरकायला जागा नाही. तिथे पहिली झेप खरोखरच रस्त्यापलीकडची असते, आणि खाली वाहनं असतात. अशा ठिकाणी एकट्याने पाहू नका. एक जण वर बघणारा, एक जण खाली.

गंमत म्हणजे बाहेर पडलेलं पिल्लू काही दिवस जेवायला घरट्यावरच परततं. ‘घरटं रिकामं झालं’ असं दुपारी जाहीर केलंत तर संध्याकाळी तोंडघशी पडाल.

७. पिल्लू जमिनीवर दिसलं तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि चांगल्या मनाच्या माणसांकडूनच होतात.

जमिनीवर बसलेलं प्रत्येक पिल्लू संकटात नसतं. आधी लांबून पाहा. अंगावर पूर्ण पिसं आहेत, ताठ बसलंय, तुमच्याकडे बघतंय, जवळ गेलात तर चोच उघडून पंख फुगवतंय? कधी ते पाठीवर पडून नखं पुढे करतं. ते मेल्याचं सोंग नाही, धमकी आहे. असं पिल्लू धडधाकट असतं. कुत्री, मांजरं आणि माणसं लांब ठेवा आणि दूर जाऊन बसा. तिरकं खोड, कुंपण, झुडूप असं काही मिळालं की ते पंखांच्या मदतीने चढत चढत वर जातं. त्याला तासही लागेल, अर्धा दिवसही.

जागा धोक्याची असेल, म्हणजे रस्ता, पार्किंग वगैरे, तर टॉवेल डोक्यावरून टाका. डोळे झाकले की ते शांत होतं. टॉवेलसकट पंख मिटलेल्या अवस्थेत उचला, पाय ताब्यात ठेवा (चोचीपेक्षा नखांना भ्या) आणि सगळ्यात जवळच्या भिंतीवर किंवा आडव्या फांदीवर ठेवून बाजूला व्हा. माणसाचा हात लागला तर आई टाकून देते, हा गैरसमज आहे.

बचाव केंद्राला फोन करायचा तो यासाठी: एक पंख लोंबतोय, रक्त दिसतंय, माश्या घोंगावताहेत, डोळे मिटलेले आहेत, आडवं पडलंय, किंवा अंगावर अजून लवच आहे. मदत येईपर्यंत खोक्यात तळाला कापड घालून ठेवा, झाकण लावा, अंधार आणि शांतता. खायला काही देऊ नका. दूध, पाव, भात तर नाहीच. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. झाकण उघडून लेकरांना दाखवू नका. सेल्फीही नको.

घरी नेऊन वाढवायचा विचार तर मनातही आणू नका. माणसाच्या सोबतीला सरावलेला शिकारी पक्षी पुढे जगायला नालायक होतो. शिवाय तो गुन्हाही आहे. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांचा १९१८चा कायदा आहे, आणि बहुतेक देशांत असं काही ना काही आहेच.

एक वेगळी खूण लक्षात ठेवा. पिल्लू जखमी दिसत नाही पण लुळं, सुस्त आहे, जवळ गेलं तरी प्रतिकार नाही, अंगावर कारण नसताना रक्ताचे डाग आहेत. शहरात उंदरांना घातलेलं विष हे त्याचं एक कारण असतं. रक्त गोठू न देणारी ही विषं उंदराला लगेच मारत नाहीत. तो दोनचार दिवस गळाठलेला फिरतो, सहज सापडतो, आणि त्याच्यातून विष घरट्यापर्यंत पोचतं. फोनवर सांगताना आसपास उंदरांचं विष ठेवलंय का, तेही सांगा.

८. नंतरचे आठवडे

घरटं ओस पडलं तरी कुटुंब तिथंच असतं. आता कानांनी शोधा. भुकेली पिल्लं दिवसभर एकसुरी किंचाळत असतात, त्यांना लपून बसायची अक्कल अजून आलेली नसते. कावळे, कोतवाल, खारी एखाद्या झाडावर कालवा करत असतील तर तिथे दुर्बीण लावा.

पाहण्यासारखं पुष्कळ आहे. वाळकं पान, काडी, फळ यांच्यावर झेप घेऊन ते ‘मारायचा’ सराव चालतो. एका पिल्लाने दुपारभर एका प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाचा पाठलाग केलेला मी पाहिला आहे. नर भक्ष्य घेऊन येतो तेव्हा सगळी त्याच्या दिशेने सुटतात, आणि तो कधी कधी ते हवेतच सोडून देतो. आधी ते जमिनीवर पडतं. मग हळूहळू कोणीतरी हवेत झेलायला शिकतं.

या काळात घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटो टाकायचाच असेल तर मागची इमारत, पाटी, गेट दिसणार नाही असा कापून, आणि पिल्लं पांगल्यावर. फोटोतलं लोकेशन बंद केलंय ना, तेही तपासा. मी एकदा निष्काळजीपणे टाकला होता. दुसऱ्या सकाळी झाडाखाली नऊ कॅमेरे होते आणि मादी दिवसभर घरट्याकडे फिरकली नाही.

रोज जायची गरज आता उरत नाही. आठवड्यातून दोन फेऱ्या पुरेत. वहीत चार रकाने ठेवा: वेळ, किती पिल्लं दिसली, कुठे, काय खाल्लं. सलग तीन फेऱ्यांत भुकेची हाक ऐकू आली नाही की त्या वर्षीचं पान बंद करा, आणि पानगळीनंतर त्याच झाडाकडे एकदा जाऊन या. जुन्याच जागेवर किंवा शेजारच्या झाडावर पुढच्या वर्षी जोडी येण्याची शक्यता असते, आणि फांद्या उघड्या असताना उभं राहायची जागा हेरून ठेवता येते.